टोळंबीचा साबण

आषाढात पावसानं जरा उघडीप दिली की जव्हारच्या बाजारात मोहाची बी उतरते. ओल्या फडक्यातलं गाठोडं काट्यावर चढतं, व्यापारी मूठभर बी नाकाशी नेऊन वास घेतो, भाव थोडा पाडतो आणि दोन मिनिटांत माल आत जातो. मिळालेले पैसे पदराच्या गाठीला बांधून तीच बाई चार दुकानं पुढे जाते. मीठ, मिरची, चहापत्ती, अंगाच्या साबणाची एक वडी, शांपूच्या दोन-तीन पुड्या. मोहाचं तेल हा आपल्याकडच्या साबणधंद्याचा जुना कच्चा माल आहे. हे कळलं त्या दिवसापासून ते गाठोडं काट्यावर चढताना पाहिलं की जिवाला लागतं. बी इथली, पहाटे उठून वेचणारे हात इथले, आणि साबण मात्र वेष्टनातला, विकतचा.

वांगणी म्हटलं की मुंबईकडच्या वाचकाला बदलापूरच्या पुढचं रेल्वे स्टेशन आठवतं. मी राहते ती वांगणी जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातली. शाळेत शिकवायला म्हणून मी या भागात आले आणि इथलीच झाले. माझ्या शेजारच्या आजी वारली समाजातल्या. त्यांच्या वावराच्या बांधावर मोहाची दोन झाडं आहेत, सासऱ्यांच्या आधीपासूनची. मला जे काही आज लिहायचं आहे ते त्या दोन झाडांखाली शिकलेलं आहे.

मोहावर लिहिणारे बहुतेक लोक फुलाशीच थांबतात. चैत्रातलं फूल, त्याचा दरवळ, त्याची दारू. फुलानंतर येणाऱ्या फळाकडे कोणी बघत नाही. या फळाला कोणी टोळंबी म्हणतं, कोणी डोळंबी, गावागणिक शब्द बदलतो. ज्येष्ठाच्या अखेरीला ते पिकतं. रात्री वटवाघळं झाडावर उतरतात, वरचा गोड गर खातात आणि बी खाली टाकतात. पहाटे आजी टोपली घेऊन निघतात तेव्हा झाडाखाली सोललेली, चकचकीत तपकिरी बी पसरलेली असते. अर्धं काम वटवाघळांनीच केलेलं असतं, म्हणून आजी त्यांना हुसकत नाहीत.

खरी अडचण पुढची. बी पडते नेमकी पावसाच्या तोंडावर. दोन दिवस ओली राहिली की बुरशी धरते, आणि बुरशीच्या बीचं तेल आंबूस, काळपट निघतं. अशा तेलात आम्लाचं प्रमाण वाढतं, ते खायच्या कामाचं राहत नाही आणि साबणालाही हलकं पडतं. बाजारात व्यापारी वास घेतो तो यासाठीच. उन्हाचा पत्ता नसताना बी वाळवायची ती चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेत. आजी रोज संध्याकाळी हात घालून ती खालीवर करतात. कानाशी धरून हलवली आणि कवचात गर खुळखुळला की वाळली. मग कवच फोडायचं, आतल्या दोन फाका वेगळ्या करायच्या आणि पुन्हा वाळवायच्या.

तेल पूर्वी घरीच निघे. फाका कुटायच्या, वाफवायच्या, आणि तो गरम लगदा दोन जाड लाकडांमध्ये दाबायचा. कितपत कुटायचं, कितपत वाफ द्यायची, याचं माप आजींच्या मुठीत आहे. लगदा मुठीत आवळला आणि बोटांच्या बेचक्यात तेल चमकलं की झालं. आता गिरणी आहे. यंत्रावर साधारण तिसरा हिस्सा तेल मिळतं, लाकडी दाबावर त्याहून कमी. ताजं तेल पिवळसर असतं आणि थंडीत तुपासारखं थिजतं. पौषात आजींच्या घरी ही बाटली चुलीच्या कडेला ठेवलेली दिसायची. त्या तेलात भाजी व्हायची, दिवा लागायचा, बाळाचं अंग चोळलं जायचं आणि टाचांच्या भेगा बुजायच्या. एकाच बाटलीतून.

आणि तेल निघाल्यावर उरते ती पेंड. गुरांना ती घालत नाहीत, कडू आणि विषारी असते. तिच्यात रिठ्यासारखंच फेस आणणारं द्रव्य असतं, सॅपोनिन. आजी तरुणपणी याच पेंडीनं केस धूत. हीच पेंड डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत आदिवासी भागांत जुनी आहे, कारण सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर मारा करतं. म्हणूनच पेंडीनं किंवा रिठ्यानं न्हायचं ते ओहोळापासून दूर, बांधावर. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आजींच्या पिढीतली बाई तो मोडत नसे. ‘नैसर्गिक आहे, पाण्यात गेलं तरी चालतं’ असं आज सर्रास बोललं जातं. या बाईपुढे ते बोलायची माझी तरी छाती होणार नाही.

रिठा, शिकेकाई या वस्तू शहरात आता ‘हर्बल’ म्हणून चढ्या भावानं मिळतात. त्या चांगल्याच आहेत. आपल्या त्वचेची प्रकृती किंचित आम्ल, पीएच साडेपाचच्या आसपास. रिठा-शिकेकाईचं पाणीही आम्लाकडे झुकतं, तर कुठलाही खरा साबण 9 ते 10च्या घरात, म्हणजे अल्कली. रिठा-शिकेकाईनं न्हाल्यावर केस मऊ राहतात ते त्यामुळे. रिठा डोळ्यांत गेला तर मात्र झोंबतो, लहान मुलांचे डोळे जपावेत.

साबणाकडे येते. तेल आणि कॉस्टिक सोडा पाण्यात एकत्र आले की त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटतं. मोठ्या कारखान्यांत ते ग्लिसरीन बहुधा वेगळं काढून विकलं जातं, घरच्या साबणात ते वडीतच राहतं. जनावरांची चरबी न वापरता साबण होतो हे मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवलं. स्वदेशीच्या त्या काळात ती केवढी मोठी गोष्ट होती. पुढे खादी-ग्रामोद्योगानं मोह, कडुलिंब, करंज अशा अखाद्य मानलेल्या तेलांचा साबण हा गावचा उद्योग म्हणून हाती घेतला. म्हणजे मी काही नवं सांगत नाही. वाट जुनीच आहे, आमच्या पाड्यांकडे ती वळली नाही इतकंच.

पहिल्या वर्षी मी ती वळवायला निघाले आणि तेल वाया घालवलं. आजींनी दीड लिटर तेल विश्वासानं माझ्या हाती दिलं होतं. मी सोडा वाटीनं मोजला आणि घरातलं मोठं म्हणून जर्मनचं पातेलं घेतलं. ॲल्युमिनियम आणि कॉस्टिक यांचं वैर असतं, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. पातेलं काळंठिक्कर पडलं, द्रावण खदखदून वर आलं, आणि सगळं खड्डा खणून पुरावं लागलं. एका घराचं हिवाळ्याचं तेल होतं ते. आजी रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाई, तेलाला माप लागतं.”

पुढच्या वर्षी काटा आणला, सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमवर चालणारा. प्रत्येक तेलाची सोड्याची भूक वेगळी. एक किलो मोहाच्या तेलाला साधारण 135 ग्रॅम कॉस्टिक लागतो, तेवढ्याच खोबरेल तेलाला 183. निव्वळ मोहाचा साबण मऊ आणि मलईदार, पण फेस कमी. म्हणून आम्ही 700 ग्रॅम मोहाचं आणि 300 ग्रॅम खोबरेल घेतलं. हिशेबानं 149 ग्रॅम सोडा बसतो. घेतला 140, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी ओढली जात नाही. पाणी 320 मिली. स्टीलचं पातेलं, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, दारं-खिडक्या उघड्या, पोरं बाहेर. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीही ओतायचं नाही, ते उसळून अंगावर येतं. विरघळताना पातेलं चटका बसेल इतकं तापतं. ते निवेपर्यंत आजी आणि मी ओट्यावर बसून पावसाकडे बघत होतो.

मग तेल कोमट करून त्यात सोड्याचं पाणी, बारीक धारेनं. ढवळायला आजीच बसल्या. आधी तेल गढूळ झालं, मग पिठल्यासारखं घट्ट, आणि पळीतून पडलेली धार वर क्षणभर रेघेसारखी राहू लागली. आजींचा हात आपोआप थांबला. तिथेच थांबायचं असतं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. लाकडी खोक्यात कागद घालून ओतलं, वर गोधडी पांघरली. दुसऱ्या दिवशी सुरीनं वड्या पाडल्या. हस्तिदंती रंग, मोहाच्या तेलाचा हलका वास, दुसरं काही नाही. गुलाबाचं अत्तर टाकू या का, असं माझ्या तोंडून निघालं होतं. आजींनी मान हलवली आणि मला तो नकार पटला.

त्यानंतर पाच-सहा आठवडे फळीवर वाळवण. पाणी उडून वडी कडक होते, अंगाला सौम्य लागते, जास्त दिवस पुरते. घाईनं वापरणाऱ्याची वडी मोरीत विरघळून जाते. शेवटी पीएचची पट्टी लावून बघायची, मगच अंगाला.

दिवाळी तोंडावर आली की उटण्याच्या चिठ्ठ्या हातोहात फिरतात. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची साल, मसुराचं पीठ. यातलं बहुतेक निर्धोक आहे. पण काही चिठ्ठ्यांत बावची असते. बावचीत सोरालेन असतं, ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजल्यासारखी होते. कच्च्या लिंबाच्या रसाचंही तेच. सकाळी तोंडाला लिंबू चोळून शेतावर जाऊ नये. झाडाचं आहे म्हणून ते आपल्या बाजूचं असतं असं नाही, झाडाचं वागणं आपल्याला माहीत असावं लागतं. विकतचा साबण घेणाऱ्यांनीही वेष्टनावरचा टीएफएम, म्हणजे एकूण स्निग्धांशाचा आकडा वाचावा. 76 टक्के किंवा त्याहून वर पहिली प्रत. फार खाली असेल तर त्यावर ‘बाथिंग बार’ असं लिहिलेलं सापडेल, ते वाचून ठरवावं.

पाड्यावरच्या बचत गटानं मला विचारलं, हा साबण विकता येईल का. मी खरं तेच सांगितलं. घरी वापरायला कोणाची आडकाठी नाही. विकायचा तर 1940च्या औषध व सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो, त्याचे 2020चे नियम आहेत, जागा, माणूस, तपासणी या सगळ्यांच्या अटी आहेत. अट असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दुसऱ्याच्या लेकराच्या अंगाला लागणारी वस्तू आहे, आणि सोड्याच्या बाबतीतली एक चूक काय करते ते मी पाहिलं आहे. पण पाच-सात बायांच्या गटाला ही पायरी एकट्यानं चढता येत नाही. तालुक्याला एक परवाना असलेली शेड हवी. तिथे काटा असावा, शिकलेला माणूस असावा, आणि गटांनी आपापलं तेल घेऊन पाळीपाळीनं यावं. 1996च्या पेसा कायद्यानं आणि 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरची मालकी गावाला दिली. बी कायद्यानं आपली झाली. तिचं तेल आणि तेलाचा साबण आपल्या हातून व्हायचा तर ही शेड लागेल. ग्रामसभेच्या वहीत हा विषय लिहून घ्यावा असं मी गटातल्या बायांना सांगितलं आहे, आणि त्यांनी तो लिहून घेतला आहे. तोवर निदान पायलीतली एक शेर बी बाजारात न नेता घरात ठेवायची, असं पाच घरांनी ठरवलं.

यंदा भाद्रपदात केलेल्या वड्या वाघबारसेच्या सुमाराला वाळून तयार झाल्या. वाघोबाला नारळ वाढवून आजींची सून आली, तिच्याबरोबर फळीपाशी गेले. दिवाळी सरली की ती, नवरा आणि दोन्ही पोरं वीटभट्टीवर जायची होती, पावसाच्या आधी परत यायची नव्हती. भट्टीवर मातीत राबून हात उलतात, राखेनं कातडी तडकते. तिनं एक-एक वडी उचलून नखानं दाबून पाहिली. मऊ वाटल्या त्या दोन परत ठेवल्या. सहा वड्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळल्या आणि तांदळाच्या गाठोड्यात खाली, टोपाच्या आत, ओल लागणार नाही अशा ठेवल्या. मग थिजलेल्या तेलाची बाटली त्याच टोपात उभी करून वर झाकण दाबलं.