जुन्या मालाचा धंदा : ऐब सांगा, वही ठेवा

मुंबईत भेंडी बाजाराला लागून असलेल्या मटन स्ट्रीटला सारे जग चोर बाजार म्हणून ओळखते. मूळ शब्द 'शोर बाजार' होता आणि गोऱ्या साहेबांच्या तोंडी त्याचा 'चोर' झाला, असे तेथील बुजुर्ग सांगतात. खरे-खोटे काहीही असो, नाव चिकटले ते चिकटलेच. शुक्रवारी तेथील पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुमा बाजार भरतो. त्याच दिवशी दोन टाकीजवळच्या दीड गल्लीत पहाटेच्या अंधारात जुन्या बुटांचा बाजार उभा राहतो आणि दिवस वर येईपर्यंत उठूनही जातो. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हैदराबादेत जुमेरात बाजार आहे, अहमदाबादेत साबरमतीच्या काठची रविवारची गुजरी आहे. या बाजारांत आपल्या समाजातील कितीतरी घरांची रोजी आहे. भंगारवाले, रद्दीवाले, घड्याळसाज, फर्निचरचे पॉलिशवाले, पितळेला चमक देणारे असे सर्व जण त्यात आले. म्हणून या धंद्याबद्दल व्यापार पानावर चार शब्द लिहिणे जरूर वाटते.

पूर्वी जुन्या बाजारात गरजू माणूस येत असे. नवे कपाट परवडत नाही म्हणून जुने घ्यायचे, नवा पंखा महाग म्हणून जुना घ्यायचा, असा सरळ हिशेब होता. आज निम्मे गिऱ्हाईक शौकीन असते. त्याला लाखेच्या तबकड्या हव्या असतात, सिनेमाची जुनी पोस्टरे हवी असतात, पत्र्यावरच्या मुलामा दिलेल्या जाहिराती, चिनी मातीच्या बरण्या, जुनी नाणी, काडेपेट्यांची लेबले हवी असतात. एच.एम.टी.चेच उदाहरण घ्या. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला ही घड्याळे बनू लागली. लग्नात जावयाला, नोकरी लागली की मुलाला हेच घड्याळ दिले जाई. २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला आणि ज्या घड्याळाला काल कोणी विचारत नव्हते, त्याच्यामागे आज लोक फिरू लागले. वडिलांच्या मनगटावर जे पाहिले ते आपल्याकडे असावे, ही माणसाची स्वाभाविक इच्छा आहे. तिच्यात वाईट काही नाही.

आमच्या कापड धंद्यातही असेच झाले. इंग्रजांच्या काळी मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्यांवर रंगीत चित्रांची लेबले चिकटवलेली असत. बाजारात त्यांना टिका किंवा छाप म्हणत. ज्या गिऱ्हाइकाला अक्षर वाचता येत नसे, ते हत्ती छाप, घोडा छाप असे चित्र ओळखून माल घेई. पुढे आपल्या मिलांनीही तीच रीत उचलली. तागा फुटला की टिका फाटून केरात जात असे. २०२५ साली बंगळूरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी या संग्रहालयाने अशा टिकांचे प्रदर्शन भरवले. जे आमच्या पेढ्यांनी झाडून टाकले, ते आज काचेआड ठेवले जाते. कोणत्या मिलची टिका, कोणत्या पेढीसाठी छापलेली, कोणत्या सुमाराची, एवढे जो विक्रेता खात्रीने सांगू शकतो, त्याला भाव मिळतो. नुसता रंगीत कागद दाखवणाऱ्याला तो मिळत नाही.

मुद्दा येथेच आहे. नव्या मालात गिऱ्हाईक कंपनीचे नाव पाहते, छापील किंमत पाहते, चार दुकाने फिरते. जुन्या मालात यातले काहीच नसते. वस्तू किती जुनी, तिचा कोणता भाग अस्सल, कोणता बदललेला, हे बहुतेक वेळा एकट्या विकणाऱ्याला माहीत असते. म्हणजे गिऱ्हाईक वस्तूबरोबर विक्रेत्याचा शब्दही विकत घेत असते, आणि दामाचा मोठा हिस्सा त्या शब्दाचा असतो. शब्द खोटा निघाला तर माल कितीही चांगला असो, सौदा खोटा झाला.

हल्ली या बाजारात काय चालते ते धंद्यातल्या लोकांना सांगायला नको. जुन्या घड्याळाच्या तबकडीवर नवा भडक रंग द्यायचा, काटे दुसऱ्या घड्याळाचे बसवायचे, डबी घासून चकाचक करायची आणि 'एकदम ओरिजिनल' म्हणून विकायचे. परदेशातील घड्याळांच्या शौकिनांनी अशा मालाला नावच ठेवले आहे, 'मुंबई स्पेशल'. आपल्या कारागिराच्या हातात केवढे कसब आहे! बंद पडलेले घड्याळ तो पुन्हा चालते करतो. त्या कसबाची जगात वाहवा व्हायला हवी होती. तिच्याऐवजी आपल्या शहराचे नाव नकली मालाचे नाव होऊन बसले. दुरुस्ती हा ऐब नाही, दुरुस्ती लपवणे हा ऐब आहे. तोच कारागीर 'मशीन जुने, तबकडी नव्याने रंगवलेली' असे म्हणून विकेल, तर त्याला कोणी बोट लावू शकणार नाही.

ग्रामोफोनचे तसेच. जुन्या पेटीतले मशीन काढायचे, नव्या लाकडी खोक्यात बसवायचे, नवा पितळी कर्णा लावायचा, कुत्र्याचे चित्र चिकटवायचे आणि शंभर वर्षांचा माल म्हणून उभा करायचा. दिवाणखान्यात शोभेला ठेवायची वस्तू म्हणून तो विकण्यात काही गैर नाही. पण मग शोभेची वस्तू म्हणूनच विकावा.

पुस्तकांची गोष्ट मला अधिक लागते, कारण आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक. उर्दू, फारसी पुस्तके कातिब हाताने लिहीत आणि मग ती लिथोवर दगडी छापाने छापली जात. लखनौचा नवलकिशोर छापखाना १८५८ साली सुरू झाला आणि त्याने अशी पुस्तके हजारोंनी काढली. ज्याला लिपी येत नाही त्याला हे छापील पान हाताने लिहिलेलेच वाटते. याचा फायदा घेऊन छापील किताब 'कलमी नुस्खा' म्हणून विकली जाते. कधी कधी कुरआन शरीफही असाच विकला जातो, हे फार वाईट. शेवटचे पान उलटले तर छापखान्याचे, म्हणजे मतबाचे नाव आणि हिजरी सन बहुधा मिळतो. तेथे १२९० लिहिले असेल तर ते इसवी सन नव्हे. ते हिजरी वर्ष १८७३ साली सुरू झाले. काही महाभाग तोच आकडा दाखवून पुस्तक सातशे वर्षांचे ठरवतात! उर्दू वाचता येणाऱ्या आपल्या मुलांना येथे सरळ फायदा आहे. शाळेत शिकलेली लिपी धंद्यात कामाला येण्याची ही एक जागा आहे. त्या विद्येने गिऱ्हाइकाला फसवायचे की वाट दाखवायची, एवढेच ठरवायचे आहे.

आता कापड. जुन्या पैठण्या, शालू, औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू, गुजरातचा मशरू यांना चांगली मागणी आहे. मशरू म्हणजे शरीअतला मंजूर असलेले कापड. पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य, म्हणून अंगाला सुती बाजू लागेल आणि वर रेशमी दिसेल असे ते विणत. एका नावात केवढा इतिहास आहे पाहा. आज मागावरचा नवा माल चहाच्या पाण्यात बुडवून जुना केला जातो. जरीचे तर विचारूच नका. अस्सल जरी म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. हलक्या जरीत चांदीच्या जागी तांबे येते, आणि आजकाल पुष्कळशी जरी प्लॅस्टिकची असते. पदराच्या आतला एक धागा काढून जाळला की प्लॅस्टिक वितळून गोळी होते, अस्सल जरीची तार शिल्लक राहते. घासल्यावर तांबूस झाक आली तर समजावे की आत तांबे आहे. हे प्रत्येक कापडवाल्याला ठाऊक असते. गिऱ्हाइकाला ते ठाऊक नसते.

आपल्या धर्माने या बाबतीत संशयाला जागा ठेवलेली नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा ओले धान्य वर ठेवायला हवे होते असे त्यांनी विक्रेत्याला बजावले आणि धोका देणारा आपल्यातला नाही असा इशारा दिला. हे हदीसमध्ये आले आहे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिकहने गिऱ्हाइकाला दिला आहे. स्वतः घ्यायचे नसताना भाव चढवण्यासाठी खोटी बोली लावणे, यालाही मनाई आहे. आपल्याकडे शेजारचा दुकानदार किंवा दलाल गिऱ्हाईक बनून उभा राहतो, तो प्रकार हाच.

हे झाले विकण्याचे. पण खरेदीचीही एक बाजू आहे आणि तिच्याबद्दल कमी बोलले जाते. जुन्या मालाच्या शौकिनांना 'कवडीमोलाने हिरा सापडला' अशा कथा सांगायला फार आवडतात. ती कवडी कोणाला मिळाली, हे कोणी विचारत नाही. घरात आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, म्हणून एखादी विधवा सासूच्या वेळचा शालू घेऊन येते. 'जरी नकली आहे' असे सांगून तो तिच्याकडून चिंधीच्या भावाने घ्यायचा आणि मग चांदी गाळायची किंवा शौकिनाला दसपट दामाने द्यायचा, याला हुशारी म्हणता येत नाही. बाहेरगावाहून माल घेऊन येणाऱ्यांना बाजारभाव कळण्याआधीच वाटेत गाठून सौदा करू नये, अशी शिकवण आहे. तिच्यामागचे कारण हेच, की समोरच्याच्या अज्ञानावर कमाई उभी राहू नये. व्यापाऱ्याने आपल्या पारखीचे पैसे जरूर घ्यावेत. त्याने वर्षे घालवून ती पारख मिळवलेली असते, शिवाय माल विकला जाईपर्यंत त्याचा पैसा अडकतो. पण विकणाऱ्याने 'हे काय आहे?' असे विचारले तर चांदीला तांबे म्हणू नये. एवढी मर्यादा पाळूनही नफा उरतो.

यावर काही बंधू म्हणतील, 'सगळे खरे सांगितले तर माल घेणार कोण?' प्रश्न रास्त आहे. शेजारचा दुकानदार नकली माल अस्सल म्हणून विकतो आणि खरे बोलणाऱ्याचा माल पडून राहतो, असे घडते. पण दूरचे पाहा. आज गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल आहे. घरी जाऊन चार चित्रे पडताळली की त्याला सत्य कळते. मग ते पुन्हा बाजारात पाय ठेवत नाही, आणि महाग असूनही लिलाव कंपनीकडे जाते, कारण तेथे मालाची हकिकत लिहून मिळते. म्हणजे जी गोष्ट आपण फुकट देऊ शकतो, तिच्यासाठी ते दुसरीकडे जादा दाम मोजते. एका दुकानदाराच्या खोट्याची किंमत अख्खी गल्ली चुकवते.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दोन कागद ठेवा. एक खरेदीची वही आणि दुसरे विक्रीचे बिल. वहीत माल कोणाकडून, कोणत्या तारखेला, किती दामाने घेतला ते लिहावे. बिलावर तीनपैकी एक शब्द लिहावा : 'जुना', 'दुरुस्त केलेला' किंवा 'जुन्या धर्तीचा नवा'. खात्री नसेल तर 'वय माहीत नाही' असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. हातोहात सौद्याला तेथे न लिहिण्याची सवलत आहे, हे खरे. पण खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवा असेही तेथेच सांगितले आहे, आणि आजच्या बाजारात वहीइतका पक्का साक्षीदार दुसरा नाही.

या वहीचे दुनियेतले फायदेही मोजून घ्या. २०१७ च्या जी.एस.टी. नियमांतील नियम ३२(५) प्रमाणे जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला खरेदी आणि विक्रीच्या फरकावरच कर भरता येतो. माल आहे तसा किंवा किरकोळ डागडुजी करून विकलेला हवा आणि खरेदीवरच्या कराची वजावट घेतलेली नसावी, अशी अट आहे. खरेदीची नोंद नसेल तर फरक सिद्ध कसा करणार? दुसरे, चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा २०२३ च्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. पोलीस दारात आले तर नाव, तारीख, दाम लिहिलेली वहीच कामाला येते. तिसरे, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते व दस्तऐवज यांचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. खाजगी व्यापाऱ्याला त्या परदेशी पाठवताही येत नाहीत. हस्तिदंताच्या वस्तूंना तर हातच लावू नये. गंमत पाहा, जो दुकानदार नवा माल 'शंभर वर्षांचा' म्हणून विकतो, तो स्वतःच्या तोंडाने या कायद्याच्या कक्षेत जाऊन उभा राहतो!

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. प्रत्येक बाजारातील पाच-दहा दुकानदारांनी एकत्र बसून एकाच नमुन्याचे बिल छापून घ्यावे आणि चूक निघाली तर माल परत घेण्याची मुदत ठरवावी. घड्याळसाजांनी आणि पॉलिशवाल्यांनी आपण काय बदलले याची चिठ्ठी वस्तूबरोबर द्यावी आणि त्या चिठ्ठीवर स्वतःचे नाव घालावे. आज तो कारागीर बेनाम आहे. चिठ्ठीमुळे त्याला नाव मिळेल, आणि नावाबरोबर मजुरीही वाढवून मागता येईल.

बाजाराचे 'चोर' हे नाव बदलणे आपल्या हातात नाही. त्या बाजारातून घेतलेल्या मालाची चिठ्ठी खरी असते, असा लौकिक मिळवणे मात्र आपल्या हातात आहे. खरेदीदार आणि विक्रेता दोघे खरे बोलले आणि ऐब उघड केला तर त्यांच्या सौद्यात बरकत होते, लपवाछपवी केली तर ती निघून जाते, अशा अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जुन्या मालाच्या व्यापाऱ्याने ती गल्ल्याजवळ लिहून ठेवावी आणि पहिले बिल तिच्याप्रमाणे फाडावे.