भिंती रंगल्या, पाळणे कोण मोजणार?

2011च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर 1000 मुलांमागे अवघ्या 807 मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा 894 होता. राज्यात सर्वांत खाली बीड. पुढच्याच वर्षी परळीतल्या बेकायदा गर्भपातांचे प्रकरण उघडकीला आले आणि जिल्ह्याचे नाव देशभर झाले.

जानेवारी 2015मध्ये पानिपतहून ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ सुरू झाली. पहिल्या 100 जिल्ह्यांत बीड होताच. भिंती रंगल्या, फेऱ्या निघाल्या, शपथा झाल्या. या योजनेचा हिशेब 2021मध्ये संसदेच्या महिला सबलीकरण समितीने मांडला. अध्यक्षा होत्या नंदुरबारच्या खासदार हीना गावित. 2016 ते 2019 या काळात दिलेल्या 446.72 कोटी रुपयांपैकी 78.91 टक्के रक्कम निव्वळ प्रसिद्धीवर गेली होती.

प्रसिद्धीवर पैसा खर्चू नये, असे कोणी म्हणणार नाही. पण किती फलक लागले हा जाहिरातीचा परिणाम नव्हे, ती फक्त खर्चाची पावती आहे.

जाहिरात माणसाला हलवते, याचा कडू अनुभव देशाने घेतला आहे. ऐंशीच्या दशकात गर्भलिंगनिदानाचे दवाखाने उघड जाहिराती करत. आज काही शे रुपये खर्चा, उद्याचा हुंडा वाचवा, असा त्यांचा आशय असे. ती जाहिरात क्रूर होती, पण बापाच्या मनातली नेमकी भीती तिने हेरली होती. महाराष्ट्राने 1988मध्ये देशात सर्वांत आधी या चाचण्यांवर कायदा आणला; 1994च्या केंद्रीय कायद्याने अशा जाहिरातींवरच बंदी घातली. हुंड्याची भीती मात्र राहिली, आणि ‘मुलगी वाचवा’ एवढेच सांगणारी भिंत त्या भीतीला हातही लावत नाही.

बीडमध्ये तर भीती आणखी एक आहे. दसरा-दिवाळीनंतर जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि वयात आलेली मुलगी गावी कोणाच्या भरवशावर ठेवायची, या घोरात तिचे लग्न लवकर उरकले जाते. त्या आईला घोषणेचा काय उपयोग? तिला हंगामी वसतिगृह कुठे आहे, तिथे जागा आहे का, हे मुकादमाची उचल घेण्याआधी कळायला हवे. ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने 1 लाख 1 हजार रुपये मिळतात. त्यासाठी अर्ज कोणाकडे द्यायचा, हे गावातल्या फलकावर ठळक लिहिलेले हवे. प्रसिद्धीचे नियोजन म्हणतात ते हेच: कोणाला, कधी, काय सांगायचे.

आणि मोजायचे कसे, तेही महाराष्ट्रातच सापडले आहे. महिन्यात किती मुली जन्मल्या आणि किती मुलगे, हे दाखवणारा डिजिटल गुड्डा-गुड्डी फलक जळगाव जिल्ह्याने लावला आणि केंद्राने त्याची वाखाणणी केली. असा फलक जाहिरातही करतो आणि तिचा जाबही देतो. मात्र आकडा घसरला की त्याच महिन्यात तालुक्यातली सोनोग्राफी केंद्रे तपासली गेली पाहिजेत, नाहीतर तोही शोभेचाच.

बीडच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पुढच्या ग्रामसभेत गेल्या वर्षातल्या जन्मांचा आकडा, मुली आणि मुलगे वेगवेगळे, मोठ्याने वाचून दाखवावा. त्यासाठी ना फलक लागतो, ना निधी. नोंदी गावातच आहेत.