प्रवास-साहाय्य : किती आणि केव्हा?

सप्टेंबर २०२३ मध्ये कोची येथे ‘डेबियन’ या मुक्त संगणकप्रणालीसाठी झटणाऱ्या स्वयंसेवकांची जागतिक परिषद भरली होती. या वार्षिक परिषदेस येण्याचा खर्च ज्यांना झेपत नाही, त्यांचे अर्ज स्वयंसेवकांचाच एक गट तपासतो. अर्जदाराचे योगदान आणि त्याची आर्थिक गरज, दोन्ही पाहून क्रम लावला जातो. कारण निधी मर्यादित असतो. ही पद्धत आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु मंजूर रक्कम सहसा प्रवासानंतर हाती पडते. तिकीट आधी पदरमोड करूनच काढावे लागते. ज्याच्यापाशी तेवढा पैसाच नाही, त्याच्यावर मंजुरी मिळूनही घरी राहण्याची वेळ येऊ शकते. म्हणून अशा प्रत्येक गटाने ‘किती द्यावे’ याबरोबर ‘केव्हा द्यावे’ याचाही विचार करावा, असे आम्हांस वाटते.