सामान्य स्त्री, कविता आणि प्रॉव्हिडंट फंड

समलिंगी स्त्रियांची स्त्रीवादी कविता म्हटली की आपल्यातील अनेक साथी ती सुखवस्तू वर्गाची चैन समजून बाजूला सारतात. बंगळुरातील सर्जापूर रोडच्या उंच इमारतींत राहणाऱ्या, संगणक कंपन्यांत नोकरी करणाऱ्या मुलींचा तो विषय. त्याच इमारतींत सकाळी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईचा त्याच्याशी संबंध काय, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे, पण त्यामागील समजूत चुकीची आहे.

या काव्यप्रवाहातील एक अग्रणी कवयित्री ज्युडी ग्रान. जन्म १९४० चा, वडील स्वयंपाकी. समलिंगी म्हणून अमेरिकन हवाई दलाने तिला एकविसाव्या वर्षी काढून टाकले. पुढे पोटासाठी तिने मिळेल ते काम केले. १९६९ साली तिने सामान्य स्त्रीविषयी सात कविता लिहिल्या. त्यांतील एक आहे हमरस्त्यावरच्या खाणावळीत वाढपाचे काम करणारीवर. या स्त्रिया देवी नाहीत आणि अबलाही नाहीत. त्यांतील एक दुसऱ्या स्त्रीवर प्रेम करते, परंतु कवयित्रीने तिला वेगळ्या चौथऱ्यावर बसवलेले नाही. नारायण सुर्वे वाचलेल्या माणसाला ही भूमी परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्या रंगभूमीवर १९८१ मध्ये तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मधून अशी स्त्री आली, ती महाविद्यालयीन तरुणी म्हणून, आणि शोकांतिका होऊन. मजुरी करून जगणारी समलिंगी स्त्री मराठी वाचकाला क्वचितच भेटते.

ती नाही असे मात्र नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये बंगळुरातील कपडा कारखान्यांतील हजारो कामगार, बहुसंख्य स्त्रिया, होसूर रोडवर उतरल्या. मालकाच्या वर्गणीचा हिस्सा ५८ व्या वर्षापर्यंत अडकवून ठेवणारा प्रॉव्हिडंट फंडाचा नवा नियम केंद्र सरकारला १९ एप्रिलला मागे घ्यावा लागला. हा पैसा म्हणजे त्या बायकांची घामाची, आणि बहुधा एकमेव, पुंजी. पण तो मागे कोणाला मिळावा? १९५२ च्या योजनेनुसार कुटुंब असलेल्या सभासदाने कुटुंबाबाहेरील व्यक्तीचे नामनिर्देशन केले तर ते अवैध ठरते. स्त्री सभासदाचे कुटुंब म्हणजे पती, मुले, अवलंबून असलेले आईवडील आणि सासूसासरे. म्हणजे म्हाताऱ्या आईला पोसणारी शिलाई कामगार वीस वर्षे एका खोलीत सोबत राहिलेल्या जोडीदारणीचे नाव त्या फॉर्मवर लिहू शकत नाही! सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी अशा संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा हक्क मात्र नाकारला. महागडा वकील देऊ शकणारी स्त्री मृत्युपत्र करून आपली थोडीफार सोय लावते. खोलीभाड्यावर जगणारीचे काय?

अज्ञान मुलांचा वाटा अबाधित राखून, सभासदाने निवडलेल्या कोणत्याही व्यक्तीचे नामनिर्देशन ग्राह्य धरावे, ही मागणी कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात घ्यावी. परित्यक्ता बहिणीला किंवा पोरक्या भाचीला सांभाळणाऱ्या कामगारालाही ती तितकीच उपयोगी पडेल.