सुरमईच्या पलीकडे
रत्नागिरीत मारुती मंदिर परिसरातल्या चांगल्या हॉटेलांत बहुतेक टेबलांवर सुरमई नाहीतर पापलेट. मिरकरवाडा बंदर इथून जवळ. तिथे बांगडा, तारली, मांदेली, कर्लीही उतरते, पण मेनूकार्डावर त्यांना जागा कमीच. तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं, मुळ्यांचं सुकं, काटेरी पण अवीट चवीची कर्ली, ही इथली खरी श्रीमंती. पाहुण्यांना तीच वाढायला हवी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत सुरमई मागितली, तर ती बहुधा बर्फातलीच येणार. तेव्हा टाकळ्याची भाजी, आठळ्या, कुळथाचं पिठलं मागा; आणि सोलकढीला नारळाचा रस ताजा काढलाय का, हेही बिनदिक्कत विचारा.