बँकेची साइट खरी की खोटी? आधी पत्त्याचा शेवट बघा

मिरा-भाईंदर : ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं होतं. अमेरिकेतल्या लोकांना फोन लावायचा, 'तुमच्या कर खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर अटक होईल' असं धमकावायचं आणि पैसे उकळायचे, असा तो धंदा. हत्यार एकच होतं, सरकारचं नाव.

आता तीच युक्ती आपल्या मोबाइलवर आली आहे. 'केवायसी करा नाहीतर खातं बंद', 'योजनेचा हप्ता अडकलाय' असा मेसेज येतो, खाली लिंक असते. उघडणारं पान हुबेहूब असतं. बोधचिन्ह, रंग, मराठी मजकूर, सगळं कॉपी करता येतं. पत्त्याच्या पट्टीत कुलूप दिसलं म्हणूनही साइट खरी ठरत नाही, कारण कुलूप भामट्यालाही मिळतं. अवघड असतं ते खरं नाव मिळवणं.

रिझर्व्ह बँकेने नेमकं इथेच बोट ठेवलं. २२ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने बँकांना आपल्या साइट 'बँक डॉट इन' या शेवटाच्या नावावर न्यायला सांगितलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. यात जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी बँकाही आल्या. ही नावं देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. म्हणजे कुणीही उठून हजार रुपयांत असं नाव विकत घेऊ शकत नाही.

नाव सापडतं कसं?

इंटरनेटवरचं प्रत्येक यंत्र आकड्यांनी ओळखलं जातं. ते आकडे माणसाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून नावं आली. नावावरून आकडा शोधून देणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. १९८३ पासून ती आहे.

ती पत्ता उजवीकडून वाचते. मिरा-भाईंदर महापालिकेची साइट बघा : एमबीएमसी डॉट जीओव्ही डॉट इन. आधी 'इन' कुणाकडे, तर भारताची नावं सांभाळणाऱ्या निक्सी या संस्थेकडे. मग 'जीओव्ही डॉट इन', म्हणजे सरकारी कार्यालयांची नावं. शेवटी 'एमबीएमसी', म्हणजे महापालिका. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, मग घर, तसंच हे. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, कारण एकदा मिळालेलं उत्तर मोबाइल कंपनीची यंत्रं काही वेळ जपून ठेवतात.

म्हणून 'एमबीएमसी-जीओव्ही-इन डॉट कॉम' असं काही दिसलं तर समजा की गाव दुसरंच आहे. शेवट 'डॉट कॉम' आहे आणि तो कुणालाही मिळतो. नुसता 'डॉट इन'सुद्धा कुणालाही मिळतो. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी, अगदी शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'बँक डॉट इन' आहे का, हे बघायचं.

यंत्रणाच बसली तर?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडलं, ते अनेकांना आठवत असेल. देखभालीच्या कामात चूक झाली आणि कंपनीची नावं सांगणारी यंत्रंच जगाला दिसेनाशी झाली. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या केंद्रात एका नावाची नोंद रिकामी झाली आणि जगभरातली कित्येक ॲप अडकली. दोन्ही वेळा माहिती जागेवर होती, तिथे जायचा रस्ता सापडत नव्हता.

मोठ्या कंपन्या काही तासांत सावरतात. पण मुरबाड-शहापूरकडच्या शेतकऱ्याला फॉर्मच्या शेवटच्या दिवशी साइट उघडली नाही, तर भाडं घालून तालुक्याला जावं लागतं आणि मजुरी बुडते ती वेगळीच.

यावर उपाय आहेत. नावाची नोंद किमान दोन वेगळ्या ठिकाणच्या यंत्रांवर ठेवायची. वाटेत कुणी खोटं उत्तर घुसडू नये म्हणून उत्तरावर डिजिटल सही असते, तिला डीएनएससेक म्हणतात. जगाच्या मूळ यादीवर ही सही २०१० पासून आहे, पण खालच्या प्रत्येक साइटने ती स्वतः चालू करावी लागते. आणि नावाची मुदत संपण्याआधी पैसे भरायचे. नाव सुटलं की ते दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि लोक जुन्या ओळखीने त्याच्याच पानावर जातात.

कच्चा दुवा कुठे?

रिझर्व्ह बँकेचा नियम बँकांपुरता आहे. गावातली पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे तिला 'बँक डॉट इन' मिळणार नाही. ज्यांची आयुष्यभराची ठेव पतसंस्थेत आहे, त्यांच्यासाठी ओळखीची ही खूण उपलब्धच नाही. तिथे लिंकवर विसंबू नका, शाखेत जाऊन खात्री करा.

पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायत साइट बनवतात तेव्हा बरेचदा नाव साइट बनवणाऱ्याच्याच खात्यावर घेतलं जातं. तो गाव सोडून गेला की नावाची चावीही गेली. म्हणून ग्रामसभेत आणि पतसंस्थेच्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारायला हरकत नाही : नाव कुणाच्या नावावर आहे? मुदत कधी संपते? एक यंत्र बंद पडलं तर दुसरं आहे का?

नवा शेवट सगळ्या फसवणुकी थांबवणार नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाइल उघडली किंवा फोनवर ओटीपी सांगितला, तर नाव कितीही खरं असून उपयोग नाही. सातबारा असो की बँक, पत्ता स्वतः टाइप करा आणि मोबाइलमध्ये जपून ठेवा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.