‘तिकडचं तिकडे’ म्हणू नका: कॅनडातलं पहिलं टॅक्स रिटर्न



या आठवड्याच्या व्हिडिओत पहिल्या वर्षीच्या रिटर्नबद्दल बोललो, पण वेळेत अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहितो. हे सगळं कॅनडात नवीन आलेल्यांसाठी आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियावाल्यांनी वाचायला हरकत नाही, पण तुमचे नियम वेगळे आहेत, हे जसंच्या तसं लावू नका.

माझं ब्रॅम्प्टनमध्ये किराणा दुकान आहे हे तुम्हाला माहीतच आहे. मार्च महिना लागला की काउंटरवर कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्याबरोबर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, इंडियातल्या एफडीचं इथे सांगावं लागतं का?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही तेच देतात, "नाही ना? तिकडचं तिकडे, इकडचं इकडे."

मला हे वाक्य चांगलं ओळखीचं आहे, कारण माझं पहिलं रिटर्न याच वाक्यावर भरलं गेलं.

मी सप्टेंबरमध्ये आलो होतो. वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करायचो, हातात एकच टी४ होता, म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म १६ सारखा कागद. एका छोट्या प्लाझात रिटर्न भरून देणारा एक जण होता, त्याच्याकडे गेलो. मी म्हटलं, नाशिकला एक फ्लॅट भाड्याने दिलाय आणि दोन-तीन एफडी आहेत. तो म्हणाला, "ते राहू दे, उगाच गुंतागुंत वाढते." पाच मिनिटांत रिटर्न गेलं आणि रिफंडही आला. मला वाटलं माणूस हुशार आहे.

तीन वर्षांनी दुकान घ्यायची वेळ आली. कर्जासाठी बँकेने मागच्या वर्षांच्या नोटिस ऑफ असेसमेंट मागितल्या आणि विचारलं की तुमच्या हिश्शाचे पैसे कुठून येणार. मी सांगितलं, भारतातल्या एफडी मोडून. नवीन अकाउंटंटने माझी रिटर्न उघडली, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एफडी आहेत, मग व्याज कुठे आहे?" त्या एका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बीबीए झालेला माणूस मी, कॉलेजात टॅक्सेशनचा पेपर दिलेला. आम्ही तिन्ही वर्षांची रिटर्न दुरुस्त केली, सीआरएचं पत्र यायच्या आत. जास्तीचा टॅक्स निघाला तो काही शे डॉलर. अकाउंटंटची फी त्याहून जास्त झाली, आणि कर्जाचं काम लांबल्यामुळे आधी बघितलेली जागा गेली. ती जागा कोपऱ्यावरची होती, अजून तिच्यासमोरून गेलो की मान वळते.

म्हणून माझं मत सरळ आहे. भारतातलं उत्पन्न सांगायला पहिलं वर्ष सगळ्यात स्वस्त वर्ष असतं. आपले लोक नेमके त्याच वर्षी गप्प बसतात.

आता स्वस्त का, ते बघू. समजा एक जोडपं पुण्याहून निघून १ सप्टेंबर २०२४ ला टोरंटोला उतरलं आणि इथेच घर केलं. जानेवारी ते ऑगस्ट पुण्यात मिळालेल्या पगारावर कॅनडा एक पैसाही टॅक्स घेत नाही. १ सप्टेंबरपासून मात्र जगात कुठेही झालेलं उत्पन्न इथे दाखवायचं: इथला पगार, तिथल्या एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, सांगलीला भावाबरोबर भागीदारीत दुकान असेल तर त्यातला आपला नफा. म्हणजे पहिल्या वर्षी प्रश्न फक्त चार महिन्यांच्या व्याजाचा आहे. एवढ्यासाठी लपवालपवी?

याची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल गोड गोड सांगितलं. बहुतेकांना २०२४ साली केंद्राची मूळ सूट १५,७०५ डॉलरची होती. वर्षाच्या मधे येणाऱ्याला ती दिवसांच्या हिशोबाने मिळते. ३६६ पैकी १२२ दिवस म्हणजे बरोबर एक तृतीयांश, ५,२३५ डॉलर. येण्याआधी तिकडे काहीच उत्पन्न नसेल तर गोष्ट वेगळी, पण पुण्यात आठ महिने पगार घेतलेल्याने पूर्ण सूट लावली तर ती चूक आहे. म्हणून येण्याची तारीख हा तुमच्या रिटर्नमधला सगळ्यात महत्त्वाचा आकडा. पीआर कार्ड हातात कधी पडलं याच्याशी त्याचा संबंध नाही. स्टडी परमिट किंवा वर्क परमिटवर आलेलाही टॅक्सच्या दृष्टीने इथला रहिवासी असू शकतो. इमिग्रेशनचा रहिवासी आणि टॅक्सचा रहिवासी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यात भले भले गोंधळतात.

त्याच तारखेचा खरा फायदा मात्र कुणी सांगत नाही. तुम्ही इथले रहिवासी झालात त्या दिवशी तुमचे भारतातले शेअर, म्युच्युअल फंड, फ्लॅट हे सगळं तुम्ही त्या दिवसाच्या बाजारभावाने विकत घेतलं, असं कॅनडाचा कायदा धरतो. समजा २०१२ मध्ये २ लाखांना घेतलेले शेअर उतरलात त्या दिवशी ९ लाखांचे होते आणि पुढे तुम्ही ते ११ लाखांना विकले. कॅनडाच्या हिशोबाने नफा ९ लाखांचा नाही, २ लाखांचा. त्यातलाही निम्माच उत्पन्नात धरतात. आधीच्या बारा वर्षांतली वाढ कॅनडाने सोडून दिली. भारताचा हिशोब त्याच्या नियमांनी वेगळा चालतो, पण इथलं ओझं किती हलकं झालं बघा.

फक्त त्या दिवसाचा भाव तुमच्याकडे कागदावर पाहिजे. डीमॅटचं त्या तारखेचं होल्डिंग स्टेटमेंट, फंडाचं स्टेटमेंट, फ्लॅटचा व्हॅल्युअरकडून घेतलेला रिपोर्ट. हे पहिल्या महिन्यात काढलं तर सोपं आहे. सात वर्षांनी मागच्या तारखेचा भाव शोधायला भावाला पळवाल तर तो तुमचा फोन उचलणार नाही. आणि ज्याने पहिल्या रिटर्नपासून व्याज, भाडं, डिव्हिडंड सगळंच गाळलंय, तो पुढे हा भाव दाखवायलाही कचरतो, कारण एक सांगितलं की दुसरं बाहेर येतं. चोराच्या मनात चांदणं.

मग लोक लपवतात का? माझ्या मते अर्ध्या लोकांची गल्लत होते. त्यांना वाटतं, एफडी दाखवली तर अख्ख्या एफडीवर टॅक्स लागेल. मंडळी, तुम्ही तिकडून आणलेली शिल्लक म्हणजे उत्पन्न नव्हे. आईवडिलांनी घर घ्यायला दिलेले पैसे हेही उत्पन्न नव्हे. १० लाखांच्या एफडीवर रहिवासी झाल्यानंतर चढलेलं व्याज, तेवढंच उत्पन्न. एवढं समजलं की निम्मी भीती जाते.

उरलेले विचारतात, यांना कळणार कसं? बँकांच्या खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप दिली-घेतली जाते. भारत त्यात २०१७ पासून आहे, कॅनडा २०१८ पासून. आता हुशार लोक म्हणतील, माझ्या बँकेला मी अजून कोथरूडमध्येच राहतो असं वाटतं, मग माहिती जाईलच कशी? खरं आहे, कदाचित जाणार नाही. पण मग तुम्ही भारतातही चुकताय, कारण परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं. माझी आई मी इथे आल्यावरही एक वर्ष माझ्या नावाने बँकेत १५जी भरून देत होती, टीडीएस कापू नये म्हणून. तिचा बिचारीचा हेतू चांगला. पण तो फॉर्म अनिवासी माणसासाठी नव्हताच. एका खोट्याला सांभाळायला असं दुसरं येतं, आणि त्यावर सही आईच्या सांगण्यावरून तुमची असते.

एनआरओ झालं की व्याजावर ३० टक्के आणि वर सेस असा टीडीएस कापला जातो. इथे बऱ्याच जणांना वाटतं की ते सगळं कॅनडाच्या टॅक्समधून वजा होईल. तसं होत नाही. दोन देशांच्या करारात व्याजावरचा दर १५ टक्के आहे आणि इथे वजावट त्या १५ टक्क्यांच्या हिशोबानेच मिळते. वरचे पैसे हवे असतील तर भारतात रिटर्न भरून तिकडून परत मागायचे, किंवा सीआरएकडून रहिवासी दाखला घेऊन आधीच बँकेला द्यायचा, म्हणजे कापलं जाईल तेच कमी. कॅनडाकडे तो ज्यादा पैसा मागून उपयोग नाही.

पीपीएफबद्दल मला स्वतःला राग येतो. भारतात त्याचं व्याज करमुक्त, वर्षानुवर्षं आपण त्याच भरवशावर पैसे टाकले. कॅनडाला त्या सवलतीशी काही घेणंदेणं नाही. एनआरई खात्याचं व्याजही तसंच, तिकडे करमुक्त आणि इथे उत्पन्न. मुदतीअखेर एकदम पैसे देणारी एफडी असेल तर ‘हातात आलं की सांगू’ हेही चालत नाही, दरवर्षी चढलेलं व्याज दरवर्षी दाखवायचं. आवडलं नाही तरी नियम हा असा आहे, मीही तसंच भरतो.

मुलांच्या पैशांबद्दल मात्र नीट वाचा, इथे नुकसान ताबडतोब होतं. माझ्या एका गिऱ्हाइकाने स्वतःचं रिटर्न भरलं, बायकोचं भरलं नाही. म्हणाला, ती कुठे कमावते? जुलैत मुलाच्या चाइल्ड बेनिफिटचा हप्ता बंद. उत्पन्न शून्य असलं तरी नवरा-बायको दोघांचं रिटर्न पाहिजे. शिवाय नवीन आलेल्यांना त्या अर्जात येण्याआधीचं भारतातलं उत्पन्नही लिहावं लागतं. लोक घाबरून तिथे शून्य टाकतात. अरे, त्यावर टॅक्स लागत नाही! फक्त बेनिफिट किती द्यायचा हे ठरवायला ते बघतात. शून्य लिहून जास्त घेतलेले पैसे नंतर परत मागितले जातात, आणि तोपर्यंत ते खर्च झालेले असतात.

एक सवलत पहिल्या वर्षापुरतीच आहे. परदेशातल्या गुंतवणुकीची एकूण किंमत १ लाख डॉलरच्या वर असेल तर टी११३५ नावाचा वेगळा फॉर्म भरावा लागतो. साठ-पासष्ट लाख रुपये धरा, पुण्यातला भाड्याने दिलेला एक फ्लॅट झाला. आईवडील राहतात ते घर त्यात धरत नाहीत. नवीन आलेल्याला पहिल्या वर्षी हा फॉर्म माफ आहे, दुसऱ्या वर्षापासून नाही. तेव्हा त्यात किंमत टाकायची ती उतरलात त्या दिवसाची. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर दंड, २,५०० पर्यंत, आणि तो टॅक्स शून्य निघाला तरी लागतो. बघा, पुन्हा त्या तारखेच्या कागदावरच आलो.

"दादा, एवढ्याशा व्याजासाठी अकाउंटंटला पैसे कोण देणार?" हेही ऐकतो. रास्त आहे. उत्पन्न कमी आणि साधं असेल तर इथे स्वयंसेवक फुकट रिटर्न भरून देतात, त्यांचे कॅम्प मार्च-एप्रिलमध्ये लायब्ररी, कम्युनिटी सेंटरमध्ये असतात. पण भाडं किंवा धंदा असेल तर बहुधा तुमचं काम तिथे होणार नाही. अशा वेळी निदान पहिल्या वर्षी जाणकार माणसाला पैसे द्या, असं मी म्हणेन. त्याला आधी एकच प्रश्न विचारा: भारतातल्या उत्पन्नाचं काय करायचं? ‘राहू दे’ म्हणाला तर उठा तिथून.

आल्या आल्या टिफिन, टॅक्सी असं काही सुरू केलेल्यांना एक गोष्ट. तुमची रिटर्नची मुदत १५ जून, पण टॅक्सचे पैसे भरायची मुदत ३० एप्रिलच. त्यानंतर व्याज सुरू होतं.

या रविवारी एक काम करा. भारतातलं आर्थिक वर्ष एप्रिल-मार्च आणि इथलं जानेवारी-डिसेंबर, त्यामुळे तिकडचा टीडीएसचा उतारा जसाच्या तसा इथे बसत नाही. बँकेकडून महिन्यावार व्याजाचं स्टेटमेंट मागवा, इंडियाची वेळ बघून फोन करा. फ्लॅट असेल तर सोसायटीच्या मेंटेनन्सच्या आणि घरपट्टीच्या पावत्या भावाकडून फोटो काढून घ्या. भारतात भाड्यातून सरसकट ३० टक्के वजा होतात, इथे तसं नाही, पावती असेल तेवढाच खर्च धरतात. नाशिकच्या फ्लॅटचा माझा हिशोब मी कसा मांडतो, ते पुढच्या व्हिडिओत वही उघडून दाखवतो.